हे काय, आलंच!

ट्रेकला जाणारी मराठी माणसं एरवी सहसा खोटं बोलत नाहीत. कंडक्टरनं चुकून पाच रुपये जास्त दिले तर उतरताना परत करणारी, सोसायटीच्या सभेत चहाच्या खर्चाचा हिशेब मागणारी, अशी ही सज्जन मंडळी. पण शनिवारी रात्री सॅक पाठीवर चढली, की रविवारी रात्री ती पुन्हा माळ्यावर जाईपर्यंत ही माणसं एकमेकांना अखंड थापा मारतात. लीडर मंडळींना मारतो, मंडळी लीडरला मारतात आणि गावातले मामा दोघांनाही मारतात. माझं तर आता ठाम मत झालंय, की सह्याद्रीतले निम्मे ट्रेक या थापांच्या जोरावरच पार पडतात. सगळ्यांनी खरं बोलायचं ठरवलं तर पायथ्याच्या गावात पोहे खाऊन बस परत निघेल.

पुण्यात ट्रेकिंग ग्रुपांना तोटा नाही. काही जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. त्यातल्या गिरिप्रेमीनं तर २०१२ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर माणसं नेऊन पोचवली. आमच्या ग्रुपचा अशा लोकांशी संबंध एवढाच, की तेही सिंहगड चढतात आणि आम्हीही चढतो. ते पाठीवर वजन घेऊन चढतात, आम्ही पोटात वजन घेऊन उतरतो. कांदाभजी, झुणका-भाकरी, वर मडक्यातलं दही, आणि मग 'आज चांगला व्यायाम झाला' ही स्वतःलाच मारलेली थाप.

पण सिंहगड हा काही ट्रेक नव्हे, ती पुणेकरांची सवय आहे. खरा खेळ सुरू होतो तो हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी. मोबाइलवर निरोप येतो: 'हरिश्चंद्रगड, खिरेश्वरमार्गे. श्रेणी: सोपी ते मध्यम.' यात 'सोपी' म्हणजे बसमधून उतरून पोह्यांपर्यंतचा भाग. पुढचा सगळा गड 'मध्यम'मध्ये येतो. निरोपाखाली सूचना असतात. जीन्स घालू नये, दागिने आणू नयेत, तीन लिटर पाणी घ्यावं, बूट चांगल्या पकडीचे असावेत. त्यानंतर एक अर्ज भरायचा असतो. दमा आहे का? नाही. रक्तदाब? नाही. गुडघेदुखी? नाही. उंचीची भीती? नाही. नियमित व्यायाम करता का? होय. हा अर्ज वाचला तर वाटावं, की उद्याच्या बसमधून सैन्याची तुकडी निघाली आहे. बस सुटल्यावर पहिल्या अर्ध्या तासात खिडकीपाशी बसलेले काका हळूच रक्तदाबाची गोळी काढतात आणि शेजारच्या ताई दोन्ही गुडघ्यांना निगुतीनं पट्टे चढवतात. लीडरला हे सगळं दिसतं. तो काही बोलत नाही. कारण 'सोपी ते मध्यम' त्यानंच लिहिलेलं असतं.

नाशिक रस्त्यानं आळेफाटा, तिथून माळशेजकडे वळून खुबी फाटा आणि मग पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेकडेनं खिरेश्वर. तोवर पहाटेचे चार वाजलेले असतात. वाटेत ओळखीचा कार्यक्रम होऊन गेलेला असतो. प्रत्येकानं उभं राहून नाव, काम आणि आजवर केलेले ट्रेक सांगायचे. इथं नवखे लोक खरं सांगतात. 'माझा पहिलाच आहे,' असं म्हणून गप्प बसतात. मुरलेला गडी मात्र म्हणतो, 'आता मोजायचं सोडून दिलंय.' हे म्हणणाऱ्यांना चढावर बारकाईनं पाहावं. बुटाची नाडी सर्वांत जास्त वेळा त्यांचीच सुटते, आणि तीही नेमकी उभ्या चढावर.

खिरेश्वरचे मामा ही वेगळी असामी आहे. पांढरी टोपी, हातात काठी, पायात वहाणा. आपण दीड हजाराचे बूट घालून जिथं चार पायांवर येतो, तिथून मामा डोक्यावर दुधाची किटली घेऊन उतरत असतात. पोहे खाता खाता कुणीतरी विचारतं, 'मामा, वर जायला किती वेळ लागेल?' मामा आधी प्रश्नकर्त्याच्या पोटाकडे बघतात, मग बुटांकडे, मग आभाळाकडे. 'दोन तास लई झालं,' ते म्हणतात. यातली गंमत अशी, की मामा खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखरच दोन तास लागतात. खोटं एवढंच, की ते आपल्याला त्यांच्यात धरतात. चार तासांनी आपण अजून वाटेतच असतो आणि मामा सकाळचं काम उरकून दुसऱ्या खेपेला मागून येऊन पुढे निघून जातात. जाताना म्हणतात, 'हे काय, त्या झाडामागं.' झाड दिसतं. झाडामागं आणखी झाडं दिसतात.

रात्रीच्या मुक्कामाचा बेत असेल तर मामांची दुसरी थाप तयार असते. 'रात्रीचं कुनी लांब जाऊ नका. कालच वाघरू येऊन गेलंय.' जुन्नरच्या भागात उसाच्या फडात बिबटे आहेत, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्यामुळे या वाक्याला चांगलं वजन येतं. पण मी ज्या ज्या वेळी हे ऐकलं, त्या त्या वेळी वाघरू 'कालच' येऊन गेलेलं होतं. मला वाटतं, ते मामांच्या भाजीच्या वाफ्याच्या राखणीला नेमलेलं असावं.

खिरेश्वरहून निघालं की तासा-दीड तासात टोलार खिंड लागते. खिंडीत दगडात कोरलेला एक वाघ आहे. त्याच्यापाशी सगळे पहिल्यांदा मनापासून थांबतात. 'काय सुंदर शिल्प आहे!' असं म्हणत खाली बसतात आणि पंधरा मिनिटं बसून राहतात. वाघाकडे त्यानंतर कुणी बघत नाही. खिंडीच्या वर कातळटप्पा आहे. आता तिथं रेलिंग लावलंय, तरी खाली बघितलं की रक्तदाबाचा रकाना आठवतो. 'एवढा एकच पॅच आहे, पुढे नुसतं चालणं,' लीडर सांगतो. हे अक्षरशः खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे. कारण या पॅचच्या पुढे टेकड्या सुरू होतात. वाटेचे जाणकार त्यांना सात टेकड्या म्हणतात. एक चढायची, उतरायची, पुन्हा दुसरी. गडावरचं देऊळ या सगळ्यांच्या पलीकडे.

लीडरची खरी विद्या इथं दिसते. तो कधीही 'अजून तासभर आहे' असं म्हणत नाही. पहिल्या टेकडीवर तो म्हणतो, 'झालं आता, निम्म्याहून जास्त आलो.' दुसरीवर म्हणतो, 'पुढे मस्त झाडी आहे, सावलीतून चालायचं.' तिसरीवर कुणाच्या तरी सॅकमधून खजूर काढून वाटतो आणि विषय बदलतो. चौथ्या टेकडीवर कुणीतरी खवळून विचारतं, 'दादा, खरं सांगा, किती राहिलंय?' तेव्हा तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो, डोळे बारीक करून डोंगराकडे बघतो आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, 'दहा मिनिटं.' घड्याळ बघण्याचा तो अभिनय मी पुष्कळदा जवळून पाहिला आहे. मोठमोठ्या नटांना जमणार नाही. एकदा मी त्याच्या मनगटाकडे वाकून बघितलं, तर घड्याळ बंद पडलेलं होतं.

मागे बॅकलीड असतो. सगळ्यांच्या शेवटी चालणारा, मागे राहिलेल्यांना गोळा करत आणणारा. त्याच्या थापा वेगळ्या, जास्त मायाळू. 'तुम्ही खूप छान चालताय हां काकू.' 'आपण काही शेवटचे नाही, मागे अजून लोक आहेत.' मागे फक्त धरण असतं.

यात वरून उतरणारे अनोळखी ग्रुपही सामील असतात. हे लोक काल याच टेकड्यांवर आपल्यासारखेच मरत मरत चढलेले असतात, पण आज उतरताना त्यांचे चेहरे उजळलेले. विचारा, 'वर अजून किती?' ते एकसुरात ओरडतात, 'जवळच! मस्त आहे वर!' एकदा अशाच एका कुटुंबात आठेक वर्षांचा मुलगा होता. आमच्यातल्या एका काकूंनी त्याला कौतुकानं विचारलं, 'काय रे बाळा, दमलास का? वर आहे का जवळ?' मुलगा थांबला. त्यानं काकूंकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, 'नाही हो. अजून खूप आहे. तुम्हाला नाही जमणार.' त्याच्या आईनं तत्काळ त्याचा दंड धरला. 'असं म्हणतात का? सॉरी म्हण त्यांना.' काकू तिथंच एका दगडावर बसल्या आणि आमचा बॅकलीड पुढची वीस मिनिटं त्या पोराचं खरं निस्तरत होता.

वर पोचलं की मात्र काही काळ कुणाला खोटं बोलायची गरज पडत नाही. हरिश्चंद्रेश्वराचं कोरीव देऊळ, शेजारची पुष्करणी, केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गारढोण पाण्यात उभी असलेली प्रचंड पिंड. पिंडीभोवती चार खांब होते, त्यातला एकच आता शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगं, हा शेवटचा पडला की जग बुडणार, असं सांगतात. हे ऐकून झाल्यावर प्रत्येक ग्रुपातला एक तरुण पाण्यात उतरतो आणि त्याच खांबाला टेकून फोटो काढून घेतो. जगाचं काही सांगता येत नाही, पण त्या वेळी आमचे काका मनातल्या मनात रामरक्षा म्हणतात.

आणि कोकणकडा. त्याच्याबद्दल विनोद करायला जीभ रेटत नाही. जमीन पायाशी संपते आणि आतल्या बाजूला वळत वळत खाली कोकणात जाते. कड्याच्या टोकाशी सगळे पालथे झोपून खाली बघतात आणि बराच वेळ कुणी काही बोलत नाही. वाऱ्याला जोर असला तर खाली टाकलेली हलकी वस्तू उडून वर येते. फेकलेला कचरा फेकणाऱ्याच्या तोंडावर परत आणणारी अशी सोय महापालिकेला काही अजून जमलेली नाही.

इथंच इंद्रवज्र दिसतं. सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं असलं, की त्या धुक्यावर गोल, पूर्ण वर्तुळाचं इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते इथं पाहिल्याचं सांगतात. साइक्सनंतर ते आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या जुन्या सभासदांनी पाहिलेलं आहे. फक्त ज्या ज्या ट्रेकला त्यांना ते दिसलं, त्या त्या ट्रेकला बाकी कुणी नव्हतं. 'तुम्ही यायला हवं होतं त्या वर्षी,' असं म्हणून ते धुक्याकडे बघतात. गडावरचं तारामती शिखर १४२९ मीटरचं, कळसूबाई १६४६ मीटरची. या उंच्या ठरलेल्या आहेत, त्यात काही करता येत नाही. इंद्रवज्राला मोजपट्टी लागत नाही, म्हणून जुने सभासद तिथं मोकळे सुटतात.

मुक्काम असला तर रात्री वरच्या गावकऱ्यांच्या झापात पिठलं-भाकरी आणि ठेचा. मग ओळीनं कॅरीमॅट पसरून झोप. पहिल्या पाच मिनिटांत कोपऱ्यातून घोरणं सुरू होतं. आधी एकसंध, मग चढउतारांचं, मधेच एकदम थांबून सगळ्यांना काळजीत टाकणारं. सकाळी चहाच्या वेळी तोच गृहस्थ पहिला बोलतो, 'छे, डोळ्याला डोळा लागला नाही राव! कोण घोरत होतं रात्रभर?'

डोंगर नको वाटणाऱ्यांसाठी आमच्या ग्रुपनं मधल्या काळात निसर्ग-कार्यक्रमही सुरू केले. पवनाकाठचं कॅम्पिंग त्यातलंच. 'निसर्गाच्या कुशीत' असं निरोपात होतं. कुशीत तंबूंच्या रांगा, गिटारवाला, शेगडीवर पनीर आणि गाड्यांचा वाहनतळ एवढं सगळं मावलेलं होतं, निसर्गाला जागा अपुरी पडली असावी. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

काजव्यांचा कार्यक्रम मात्र पाहण्यासारखा असतो. मे संपता संपता, पाऊस रीतसर लागण्याआधी, राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी या भागात झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. नर काजवे प्रकाश पाडून माद्यांना खुणावत असतात. प्रौढ काजव्याला त्यासाठी जेमतेम काही आठवडे मिळतात, आणि त्याला अंधार लागतो. हे सगळं आमच्या लीडरनं पन्नास माणसांना समजावून सांगितलं. प्रत्येकाच्या कपाळावर हेडटॉर्च होता आणि समजावून घेताना सगळ्यांनी तो लीडरच्या तोंडावर रोखलेला होता. 'टॉर्च बंद करा!' तो ओरडला. झाडावरचे काजवे एका क्षणात विझले. अंधारात कुठूनतरी आवाज आला, 'मी फ्लॅश मारलेला नाही, तो आपोआप पडला.' हीही त्याच जातीची थाप.

पक्षिनिरीक्षणात तर थापांना शास्त्राचा आधार मिळतो. ज्याच्या गळ्यात सर्वांत मोठी दुर्बीण, तो एकदम हात वर करतो. सगळे श्वास रोखतात. 'दिसला?' 'कुठं?' 'तो काय, वाळक्या फांदीच्या डाव्या अंगाला.' रानात किमान दोनशे वाळक्या फांद्या असतात. 'गेला,' तो म्हणतो. स्वर्गीय नर्तक होता म्हणे. वहीत सगळ्यांनी लिहून घेतलं. ज्यांना दिसला नव्हता, त्यांनी जास्त ठळक अक्षरात लिहिलं.

पण भीमाशंकरच्या रानात एकदा मला या सगळ्यांवर ताण करणारा भेटला. शीळ ऐकू आली, मग दुसऱ्याच पक्ष्याची साद, मग तिसऱ्याची. आमच्या दुर्बीणवाल्यांनी भराभर तीन नावं सांगितली. बराच वेळ शोधल्यावर दिसला तो एकटाच भृंगराज. काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब काड्या आणि काड्यांच्या टोकांना पिसांचे झुबके. हा पक्षी इतर पक्ष्यांच्या नकला करण्यात पटाईत. दुर्बीणवाले क्षणभर ओशाळले. मग म्हणाले, 'मला आधीच शंका आली होती.' आणि थापा मारणारे नुसते पक्षीच नसतात. कासच्या पठारावर दवबिंदू नावाची एक चिमुकली वनस्पती आहे. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला दवासारखे चकाकणारे थेंब असतात, ते चिकट निघतात आणि किडा अडकतो. अमेरिकेत काजव्यांची एक जात अशी आहे, की तिची मादी दुसऱ्या जातीच्या मादीसारखे संकेत देते, भुलून आलेल्या नराला धरते आणि खाऊन टाकते. त्यामानानं आमच्या लीडरची दहा मिनिटं किती निरुपद्रवी!

निरुपद्रवी असंही नाही म्हणा. पावसाळ्यात एकदा आम्ही अजून चढतच होतो आणि वाटेत एक ओढा लागला. सकाळी इतर लोक तो सहज ओलांडून गेल्याचं मामांनी सांगितलं होतं. आता पाणी गढूळ झालेलं, मध्यभागी काठी गुडघ्याच्या वर बुडत होती आणि बघता बघता ओली खूण आणखी वर सरकली. लीडर पाच मिनिटं काठावर उभा राहिला. घड्याळ बघितलं नाही. 'परत फिरायचं,' तो म्हणाला.

त्यावर जे झालं ते मी विसरणार नाही. एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. ज्या काकूंना त्यानं दोन वर्षं 'आलंच, आलंच' म्हणत डोंगर चढवले होते, त्याच पुढे आल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, 'अरे, असं काय करतोस? हे काय, आलंच की! पलीकडे दहा मिनिटं.' मागून रक्तदाबवाले काका म्हणाले, 'आपण खूप छान चालतोय.' एक तरुण म्हणाला, 'एवढा एकच तर पॅच आहे दादा.' लीडर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचीच सगळी वाक्यं त्याच्यासमोर रांगेत उभी होती. शेवटी तो ओढ्याकडे पाठ करून, हात पसरून वाटेत उभा राहिला आणि आवाज चढवून म्हणाला, 'काकू, मी आत्ता खरं बोलतोय!' असं त्याला पहिल्यांदाच सांगावं लागलं. आम्ही फिरलो. काकू पायथ्यापर्यंत त्याच्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी तो ओढा कसा वाहत होता, हे मामांनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. त्यानंतर काकूंनी त्याला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली आणि पुढच्या ट्रेकला पुन्हा विचारलं, 'किती राहिलंय रे?' तोही पुन्हा म्हणाला, 'दहा मिनिटं.' दोघांनाही बरं वाटलं असावं.

परतीच्या बसमध्ये सगळे मेल्यासारखे झोपतात. नारायणगाव गेलं, मंचर गेलं, की एकेकाला जाग येते. रविवारची रात्र, चाकणची वाहतूक. बस हलत नाही. चिखलानं भरलेले बूट पायांपाशी, आणि सगळीकडून एकाच वेळी घरी फोन लागलेले. 'हो, निघालो केव्हाच.' 'नाही गं, दमलो बिमलो काही नाही, सोपा होता.' 'पाऊल मुरगळलं नाहीये, नुसतं थोडं दुखतंय.' माझ्या पुढच्या सीटवर एक मुलगी आईशी बोलत होती. तिचा तो पहिलाच ट्रेक, जातानाच्या ओळखीत तिनं तसं खरं सांगितलेलं. 'आई, आलेच मी. अर्ध्या तासात घरी.'

फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

'बरं. मग मी जेवून झोपते. किल्ली कुंडीखाली ठेवलीय.'